अहो, खड्डा!

गंगाधर कोनापुरे सायकलवर बसायला लागला तेव्हा भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीनं एकमतानं निकाल दिला, की लग्न न झाल्याचा परिणाम शेवटी डोक्यावर झालाच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस गुडघ्याला मलम लावतो. यानं गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी आणली. ती इतकी घट्ट, की समोरची नागम्मा पहाटे सडा टाकायला बाहेर आली, एकदा बघितलं आणि बादली तिथंच सोडून आत पळाली. मग दिवसा तिनं गंगाधरच्या थोरल्या बहिणीला, त्याच्याच घरी राहणाऱ्या प्रेमलाला, नळावर गाठलं.

"तुझा भाऊ पँट घालायचं विसरतोय का गं अलीकडं?"

"सायकलीची चड्डी हाय ती," प्रेमला म्हणाली. "आतून गादी असती."

"गादी? मग वरनं चादर पण असंल की!"

ही चादर उगीच निघाली नव्हती. गंगाधर नवी पेठेत चादरींच्या दुकानात होता, मिसरूड फुटल्यापासून. गिऱ्हाईक आलं की घडी मोडायची, हवेत असा झटका द्यायचा की आधी मोर उतरला पाहिजे आणि मग काठ. "अजून दाखवा" म्हटलं की दुसरी, तिसरी. आणि "जरा पुढं बघून येतो" म्हणून गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की पुन्हा सगळ्या घड्या. वडील लवकर गेले, बहिणी उजवता उजवता केस पांढरे झाले, मग आई अंथरुणाला खिळली. आई गेली तेव्हा त्याला स्थळ सांगून येणारी माणसंही संपली होती. जन्मभर डबल चादरी विकल्या, पांघरली सिंगल, असं गल्ली त्याच्या तोंडावर म्हणायची. तोही हसायचा. हसल्याशिवाय काय करतो?

डॉक्टरांनी साखर सांगितली, म्हणून ही सायकल. प्रेमलाचा मुलगा ऋतुराज नोकरीला पुण्याला गेला, त्याची बोकडाच्या शिंगांसारख्या हँडलची सायकल जिन्याखाली पडून होती. ती घेऊन गंगाधर सायकल मंडळात गेला. मंडळ म्हणजे काय, तर रामहरी. एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. अजून त्याला वाटायचं की मागं पन्नास पॅसेंजर आहेत. निघताना "डबल बेल!" असं ओरडायचा. प्रत्येकाला त्यानं नाव ठेवलं होतं. दातांची डॉक्टर अंकिता म्हणजे "दाढ". बँकेतला अनिमेष म्हणजे "व्याज". आणि गंगाधर, पहिल्या दिवसापासून, "काय बे चादरवाले". मोबाइलच्या ग्रुपवरसुद्धा तेच. खरं नाव कुणाला लागायचंच नाही.

होळीच्या सुमारास मंडळात चेतना आली. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, बार्शीकडून बदली होऊन आलेली. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, लेक ऋतुजा पुण्यात हॉस्टेलवर. अक्कलकोट रोडला टपरीपाशी उभं राहून सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. गंगाधरची पाळी आली नेमकी तेव्हा उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, आणि कर्णा फाटेल असं गाणं. गंगाधरनं नाव सांगितलं ते ट्रॅक्टरला. चेतनानं मान डोलावली, गोड हसली. झाली ओळख.

आता सायकलीतली एक गोम सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समोरून वारं असलं की पुढचा माणूस ते छातीवर घेतो आणि त्याच्या मागं चाकाला चाक लावून जाणारा आडोशानं आरामात जातो. गंगाधरची छाती रुंद, बोलणं कमी. आडोशाला असा माणूस म्हणजे भिंतच. पण त्याला चष्मा होता, आणि एप्रिलच्या घामानं तो असा भरायचा की गडी चष्मा काढून खिशात टाकायचा आणि खाली मान घालून पायडल मारायचा. रस्ता म्हणजे त्याला करडं पाणी. चेतना त्याच्या मागं लागली आणि पहिल्याच रविवारी तिनं ओळखलं, की या माणसाला दिसत नाही. मग ती मागून सांगायला लागली.

"अहो, खड्डा!"

"अहो, डावीकडं!"

"अहो, म्हैस!"

छाती याची, डोळे तिचे. पण गंगाधरच्या कानात शिरलं ते म्हैसही नाही आणि खड्डाही नाही. शिरलं ते "अहो".

अहो रिक्षावाल्यालाही म्हणतात. कंडक्टरलाही म्हणतात. नवी पेठेत बायका त्याला रोज म्हणायच्या, "अहो, ती निळी काढा." हे सगळं गंगाधरला माहीत होतं. पण तोंड धुतलेल्या सकाळी, रस्त्यावर दुसरं कुणी नसताना, पाठीमागं हातभर अंतरावरून एक बाई दर दोन मिनिटांनी "अहो" म्हणते, हे ज्याच्या बाबतीत जन्मात घडलेलं नाही त्याला रिक्षावाला आठवत नाही. बाकी सगळ्यांना ती नातं लावून बोलायची. रामहरीकाका, अनिमेषदादा. यालाच तेवढं अहो. त्यानंही मग सावधपणा धरला. मंडळ तिला चेतनाताई म्हणायचं, हा "मॅडम" म्हणायचा. ताई हा शब्द त्यानं त्या उन्हाळ्यात तोंडात येऊ दिला नाही.

एकदा होटगीहून परतताना सगळे रसवंतीवर थांबले. चेतनानं पेला कपाळाला लावला आणि म्हणाली, "अहो, तुमच्या मागं असले ना, की मला वारा लागतच नाही."

अंकिता खोकली. रामहरीनं तोंड फिरवून रसाच्या चरकाकडं बघितलं. गंगाधर लिंबाची फोड चावत होता, ती त्यानं सालीसकट गिळली.

घरी येऊन त्यानं प्रेमलाला सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, ताटावर बसून नुसतं विचारलं, "अक्का, बायामाणसं अहो कुणाला म्हणत्यात गं?"

प्रेमलाची भाकरी तव्यावर करपली. "कोण म्हणती?"

"कोण न्हाय. असंच."

"असंच कसं? बाईमाणूस उगं कुणाला अहो अहो करत न्हाय. मास्तरीण का?"

मास्तरीण, हे तिला कसं कळलं? कळणार कसं नाही; रामहरीची बायको आणि प्रेमला एकाच भिशीत होत्या. दोन दिवसांत गल्लीला कळलं. गंगाधर सायकल बाहेर काढायचा आणि गच्चीवरून कोणीतरी बायकी आवाजात हाक मारायचं, "अहोऽऽ, पाण्याची बाटली राहिली!" गंगाधरचे कान लाल व्हायचे. पण खरं सांगायचं तर त्याला ती चेष्टाही गोड लागत होती. चेष्टा व्हायला आधी काहीतरी असावं लागतं, आणि त्याच्या आयुष्यात आजवर चेष्टा करण्यासारखंसुद्धा काही नव्हतं.

तो उन्हाळा म्हणजे तवा होता. आठच्या आत घरी नाही आलं तर डांबर चाकाला चिकटायचं. तरी मंडळाचं सुटत नव्हतं. कधी तुळजापूरचा घाट, कधी नळदुर्ग. परतताना कुणाच्या तरी ओट्यावर ताक, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि रामहरीच्या एसटीच्या कहाण्या. गंगाधर बोलायचा नाही. चेतना कॉलेजातल्या पोरांच्या गमती सांगायची आणि तो हसायचा, जोक कळायच्या आधीच.

मेच्या शेवटच्या रविवारी मंडळाची शर्यत ठरली. अक्कलकोट रोडनं जायचं, वळसा घालून यायचं. बायकांच्यात चेतना आणि अंकिता, दोघीच खऱ्या जिद्दीच्या. गंगाधरला पंचेचाळीसच्या वरच्या गटात बक्षिसाची आशा होती, रामहरी म्हणायचा, "चादरवाले, ह्या बारीला कप तुझाच हाय बे." पण गंगाधरनं मनाशी वेगळंच धरलं होतं. शर्यत झाली, बक्षिसं झाली, की रसवंतीवर तिला बाजूला घेऊन विचारायचं.

वाक्य ठरायलाच पंधरवडा गेला. दुकान रिकामं असलं की तो चादरींच्या थप्पीसमोर उभा राहून पुटपुटायचा. शेवटी प्रेमलानं कापून छाटून नीट करून दिलं: "मॅडम, इथनं पुढच्या रस्त्यालाबी मीच पुढं ऱ्हाऊ का?"

"जास्त काय बोलू नको," ती म्हणाली. "समजायचं ती समजती. मास्तरीण हाय."

रिकाम्या हातानं कसं विचारायचं? म्हणून त्यानं दुकानातून एक चादर घेतली. गुलबक्षी, दोन मोर चोचीला चोच लावून. मालकानं विचारलं, "सिंगल का डबल?" गंगाधर म्हणाला, "डबल." मालकानं मान वर करून बघितलं आणि स्वतःच्या हातानं पिशवीत घालून दिली. पिशवी शर्यतीच्या सकाळी रामहरीच्या टेम्पोत ठेवली, केळी आणि पाण्याच्या जारशेजारी.

जाताना वारं पाठीशी होतं. वळसा घेतला आणि पश्चिमेचं वारं तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं आलं. अंकिता पुढं निघून गेली होती. गंगाधर आपल्या गटात पहिला होता. तसाच राहता तर कप घरी आला असता. त्यानं पाय सैल सोडले. गटातले दोघे पुढं गेले. मागून ओळखीचा श्वास आला, चाकाला चाक लागलं, आणि गंगाधरनं चष्मा खिशात टाकून मान खाली घातली.

"अहो, खड्डा!"

तो चुकवला.

"अहो, थोडं अजून! ती दिसतेय!"

थोडं अजून म्हणजे किती हे पायांना विचारायचं नसतं. कुंभारीच्या अलीकडं त्यानं अंकिताला गाठलं. शेवटच्या उतारावर तो बाजूला झाला, आणि चेतना त्याच्या आडोशातून बाणासारखी सुटली. ती पहिली आली. गंगाधर कडुनिंबाखाली सायकल आडवी टाकून ओकला, चूळ भरली, तोंड पुसलं आणि ते वाक्य एकदा म्हणून बघितलं.

बक्षिसांसाठी मांडव होता, भाड्याचा माईक होता. हार होते, पण उन्हानं त्यांची भाजी झालेली. सत्कार म्हटला की आपल्याकडं खांद्यावर काहीतरी पडायला लागतं. निदान टॉवेल, टोपी. ते आणायचं सगळेच विसरले होते. रामहरी हबकला, टेम्पोकडं धावला आणि पिशवी नाचवत आला.

"अरे, आपल्या चादरवाल्यानं आणूनच ठेवलीय की! बोलला नाही बघा, मुका कुठला! टाळ्या!"

गंगाधर उठला. "रामहरी, ती..." एवढं म्हणाला. टाळ्यांत गेलं. रामहरीनं भर उन्हात डबल चादर हवेत झटकली, उलटीच, आधी काठ उतरला आणि मग मोर, आणि चेतनाच्या खांद्यांवर घातली. ती दोन्ही हातांनी सावरत, घामाघूम, हसत माईकपाशी आली.

"हे बक्षीस खरं तर माझं नाहीच," ती म्हणाली. "सबंध उन्हाळा ज्यांनी माझ्यासाठी वारा अंगावर घेतला, आणि आज स्वतःचा नंबर सोडून..." तिनं हात केला. गंगाधर दिसला. ती थांबली, जीभ चावली. "अहो... अगंबाई. तुमचं नाव काय हो? इतके दिवस विचारीन विचारीन म्हणत राहिले, आणि मग लाज वाटायला लागली. तुम्हाला चादरवाले कसं म्हणायचं? म्हणून आपलं नुसतं अहो, अहो."

मांडव कोसळला हसून. अनिमेषनं खुर्ची बडवली. रामहरीला ठसका लागला, आणि ठसक्यातच त्याचा चेहरा उतरला, कारण पिशवीतली चादर खरी कशासाठी होती ते त्याला तेव्हा उमगलं. गंगाधरही हसत होता. गल्लीसमोर हसायचा तसाच.

कुणीतरी माईक त्याच्या तोंडाशी धरला.

"गंगाधर," तो म्हणाला. मग घसा साफ करून, "गंगाधर कोनापुरे."

"गंगाधरअण्णा!" चेतना मनापासून म्हणाली. "थँक्यू हं, अण्णा."

रसवंतीवर सगळे गेले. गंगाधरनं रस घेतला, लिंबाची फोड बाजूला काढून ठेवली.

घरी प्रेमला ओट्यावर वाट बघत होती. त्यानं सायकल जिन्याखाली लावली. "विचारलंस?" तिनं विचारलं.

"तिनंच विचारलं," गंगाधर म्हणाला आणि आत जाऊन सिंगल चादर डोक्यावरून घेऊन झोपला, भर दुपारी, पंखा न लावता.

आठवडाभर गच्चीवरून कुणी हाक मारली नाही. गल्लीला एवढी अक्कल आहे.

पुढच्या रविवारी तो जाणार नव्हता. पण पहाटे वारं सुटलं, आणि आता हिच्या पुढं कोण राहणार, असं त्याला वाटलं. गेला. टपरीवर चहा घेताना चेतना म्हणाली, "अण्णा, चादर इतकी छान आहे! ऋतुजाला पाठवून दिली हॉस्टेलवर. तिला फार मोठी होते, मग घडी घालून सिंगल करून पांघरते."

"पांघरू दे की," गंगाधर म्हणाला. "घडी चांगली बसती तिची."

डबल बेल झाली. गंगाधरनं चष्मा खिशात टाकला, मान खाली घातली, वारं छातीवर घेतलं. मागं चाकाला चाक लागलं. सगळं तेच होतं.

"गंगाधरअण्णा, ख..."

एवढं लांब नाव पुरं होईपर्यंत खड्डा आला होता. पुढचं चाक वाकलं, गंगाधर कोपरावर पडला. सगळे धावले. चेतना त्याच्याशेजारी रस्त्यावरच बसली, बाटलीनं जखम धुवायला लागली.

"मी ओरडले होते की हो, अण्णा!"

"व्हय की. नाव लांब हाय आमचं."

"मग छोटं काय म्हणू? तुम्हीच सांगा."

रामहरी मागं उभा होता. त्यानं खाली बघितलं. गंगाधरनं कोपरात रुतलेला खडा नखानं काढला.

"चादरवाले म्हणा," तो म्हणाला.

"छे, छे. अण्णाच म्हणते. नुसतं अण्णा."

तेव्हापासून गंगाधर चष्मा घालून पुढं असतो. खड्डे आपले आपण चुकवतो. मधूनच एक हात सोडून काच पुसतो. कुणी विचारलं तर म्हणतो, घाम लई येतो. आता सोलापूरच्या उन्हात एवढ्या गोष्टीसाठी त्याला खोटं कोण पाडणार?