सुरतला धाडलेला नवरा

एका परदेशी सिनेमात मेलेल्या नवऱ्याला मी एकदा परस्पर सुरतला धाडलं होतं. आज नातीने जळगावच्या चित्रपट महोत्सवाचा पास हातात दिला आणि जुन्या महोत्सवातला तो गार, नव्या सतरंजीसारख्या वासाचा हॉल आठवला.

धुळ्याची माझी थोरली नणंद, अक्का. तिचे यजमान वारल्यावर तिला मी पहिल्यांदाच घराबाहेर काढलं होतं. पडद्याखालचं इंग्रजी वाचून मराठीत तिच्या कानात सांगायचं काम माझं, बी.ए.चा तोरा होताच. सकाळचे सिनेमे हसण्यात गेले. दुपारच्या सिनेमात नायिकेचा नवरा अचानक वारला, तेही फक्त खालच्या ओळीतून कळलं. ती ओळ मी अक्काला सांगितलीच नाही.

"तो कथा गया वं?" अक्काने विचारलं.

"सुरतला, कामाला."

पडद्यावर ती बाई त्याचा कोट, बूट शेजाऱ्यांना देत होती आणि मी अक्काच्या कानात त्याची गिरणी, खोली, खाणावळ रंगवत होते. काय ती पदवीधर! अक्काला डोळे आहेत, एवढंही मला सुचलं नाही.

बाहेर चहा पिताना अक्का शांतपणे म्हणाली, "अवं येडी, सुरतले जायेल मानूसना कपडा कोनी वाटी टाकस का? चाल, पुढला सिनेमा कव्हय शे?"