वाळवंटातलं बंदर

गेल्या रविवारी सिंगापुरात, सेम्बावांगला, एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, मी जैसलमेरवर बोलले. आम्ही इथली मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतो... कुणीतरी एक जण बोलतो, मग पोहे आणि चहा.

आमचे हे आयुष्यभर जहाजांवर इंजिनियर. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि घरात बसले ते बसलेच. माणसांत चला म्हटलं की एकच उत्तर... "माझ्याकडे आता सांगण्यासारखं काय आहे?"

जैसलमेरलाही मीच ओढून नेलं होतं. रविवारी सांगितलं, प्रोजेक्टर जड आहे, तुम्ही उचला. तो काही फार जड नाही, पण आले. शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसले.

मी सुरुवातीलाच बजावलं की उंटाच्या सफारीचे रेट कुणी विचारायचे नाहीत, ते इंटरनेटवर आहेत. लोक हसले. मी गंभीरपणेच म्हणाले होते.

मग किल्ला दाखवला. बाराव्या शतकात एका भाटी राजाने बांधलेला, पिवळ्या दगडाचा, संध्याकाळी सोन्यासारखा दिसणारा. आत जैन मंदिरं आहेत, दगडावर लाकडासारखं कोरीवकाम आहे... आणि लोक आजही राहतात. एका फोटोत तर तटाजवळ कुणाचे तरी पायजमे वाळत होते. तो फोटो मी मुद्दाम ठेवला होता.

गडीसर तलाव झाला. पटवा व्यापाऱ्यांच्या हवेल्या झाल्या... पाच भावांच्या पाच. एवढा पैसा कुठून आला? तर उंटांच्या तांड्यांवरून. रेशीम, मसाले, अफू, सगळा माल या गावातून जायचा आणि गाव त्यावर जकात घ्यायचं.

इथे रेवाने हात वर केला. ही आमच्या शेजाऱ्यांची मुलगी, बारा वर्षांची, इथेच वाढलेली. "पण काकू, इतकी रिच सिटी... मग खाली का आली?"

मी म्हणाले, व्यापाराचे मार्ग बदलले. आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

"मार्ग आपोआप बदलत नाहीत," मागून आवाज आला. "आम्ही बदलले."

हे उभे राहिले होते! म्हणाले, "मुंबईचं बंदर वाढलं, माल समुद्राने जायला लागला. आमच्या एका जहाजात अख्खा तांडा उंटांसकट मावतो. जैसलमेर बंदरच होतं, फक्त वाळूतलं. गाव वाटेवर असतं तोवरच बंदर असतं. वाट सरकली की संपलं."

हे कुणाबद्दल बोलताहेत ते मला कळलं होतं... जैसलमेरबद्दल नक्कीच नाही.

रेवा मात्र वळून त्यांच्याकडे बघत होती. "पण काका, लोक अजून राहतात ना तिथे? पायजमे आहेत फोटोत. सो नॉट डेड, लाह." इथल्या मुलांच्या वाक्याला ते सिंगापुरी 'लाह' लागतंच.

हे हसले. वर्षभरात मी ते हसणं पाहिलं नव्हतं. "नाही गं," म्हणाले, "नॉट डेड."

मी त्यांना पुढे यायची खूण केली आणि खाली बसले. माझ्या बऱ्याच स्लाइड्स राहिल्या. ह्यांनी मात्र तांड्यांपासून कंटेनरपर्यंत सगळं सांगितलं... वाऱ्याचं गणित, बंदरांची भांडणं, सिंगापूर एवढंसं असून एवढं मोठं कसं झालं. मुलं खुर्च्या ओढून पुढे सरकली. पोहे गार झाले आणि कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या महिन्यात बोलायचं आमंत्रण ह्यांना आलं आहे. विषय सांगायला तयार नाहीत, मलासुद्धा. कालपासून जुने फोटो काढून बसलेत आणि मधे बोललेलं चालत नाही.

भाषण माझं होतं, टाळ्या त्यांना पडल्या. खरं सांगते, स्वतःच्या टाळ्यांनी माझी मान इतकी ताठ कधी झाली नव्हती... त्या पिवळ्या गावाचे उपकार आहेत माझ्यावर.