परमुलखातला नागोबा

सातासमुद्रापलीकडं देव येत नाही, असं मला तेव्हा खरंच वाटायला लागलं होतं. आमची पलटण इटलीत उतरून बरेच महिने झाले होते. थंडी अशी की हात बंदुकीला चिकटायचे. गावाकडं उठल्याबरोबर हात जोडायची सवय होती, ती कधी सुटली ते माझं मलाही कळलं नाही. शिराळ्याकडची, आष्ट्याकडची ओळखीची पोरं एकेक करून मातीआड झाली आणि मी मनाशी म्हणायला लागलो, इथं आपलं ऐकणारं कोणी नाही. त्यात मी जन्माचा तापट. एकदा डोक्यात राख घातली की देवालाही सोडत नाही.

माझ्याबरोबर माझे दाजी होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. आम्ही दोघं शिराळ्याजवळचे, बरोबरच भरती झालेले. निघताना आक्का रडली नाही. "दोघं जाताय, दोघं या," एवढंच म्हणाली. दाजींचं काही बरंवाईट झालं तर मी कुठल्या तोंडानं गावात पाय ठेवणार होतो, ही धास्ती मला झोपू द्यायची नाही.

चव्वेचाळीस सालचा बर्फ वितळत होता. एका सकाळी गस्तीवर असताना दाट धुक्यात तोफेचा गोळा फुटला. बाकीचे कुठं पांगले ते कळेना. दाजींची मांडी फाटली होती. मी पोटरीला गुंडाळलेली वर्दीची पट्टी सोडून जखमेवर करकचून बांधली, त्यांना पाठीवर घेतलं आणि वाट फुटेल तिकडं चालत सुटलो. त्यांचं ऊन ऊन रक्त माझ्या कमरेवरून ओघळत होतं. दाजी म्हणाले, "पावणं, मला ठिवा हितं. तुमी तरी जावा." मी खेकसलो, "गप बसा वो! आक्काला काय सांगू, वाटंत टाकून आलो म्हणून?"

शेवटी एक दगडी घर दिसलं. दार ठोठावलं. एका म्हातारीनं फटीतून बघितलं, आमच्या वर्दीवर तिची नजर गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून अडसर पडला. मग माझं टाळकंच फिरलं. आधी तिला शिव्या घातल्या, मग देवाचा नंबर. "नागोबा, आक्का दरसाल तुला भाऊ म्हणून ओवाळती. मग ह्यो तुझाबी दाजीच हाय की रं! कुठं मेलास?" माझा आवाज फाटला होता. दाजी घराच्या बाहेरच्या दगडी जिन्यापाशी आडवे झाले होते, ओठ पांढरे पडले होते.

त्यांना नीट टेकवायला म्हणून मी वाकलो, तर माझा बूट कशाला तरी लागला. बघतो तर काय! जिन्याखाली मातीची मडकी ओळीनं मांडलेली, तोंडाला फडकी बांधलेली. शिराळ्यात नागपंचमीआधी रानातून नाग धरून आणतात आणि पूजेपर्यंत अगदी अशाच मडक्यांत जपून ठेवतात. पूजा झाली की जिथून आणला तिथं नेऊन सोडतात. मला वाटलं, मी शुद्धीवर नाही. तेवढ्यात कलंडलेल्या मडक्यातून वावभर लांब साप बाहेर आला आणि थेट दाजींच्या पायाकडं निघाला. "दाजी, हलू नगासा!" मी बंदूक खाली ठेवली. मारायचं डोक्यातही आलं नाही. आमच्याकडं ते कोणाच्याच डोक्यात येत नाही. काठी घेतली, शेपटीला हलकेच धरलं, काठीवर अंग पेललं आणि त्याला परत मडक्यात सोडून फडकं बांधलं. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. मग सवयीनं हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. किती महिन्यांनी, देव जाणे.

मान वर केली तर दार उघडं होतं. म्हातारी उंबऱ्यात उभी होती, हात तोंडावर धरून. ती धावत आली, तिनं दाजींना खांद्याला धरलं, मी पायाला धरलं आणि आत नेलं. तिनं दारूनं जखम धुतली, धुतलेल्या चादरीच्या पट्ट्या फाडून बांधल्या. थोड्या वेळानं तिचा नवरा पोतं घेऊन आला. पोत्यात आणखी साप! त्यानं एक काढून सरळ गळ्यात घातला आणि माझी घाबरगुंडी बघून दोघं हसायला लागले. सगळे बिनविषारीच होते म्हणे ते. मी मात्र प्राण मुठीत धरून पराक्रम गाजवला होता.

तिनं मला कोनाड्याकडं नेलं. तिथं त्यांच्या संताची मूर्ती होती आणि तिच्या खांद्यावर, गळ्यात, हातांवर लाकडात कोरलेले साप. खुणांनी तिनं सांगितलं, सणाला जिवंत साप असे देवावर घालतात, मिरवतात आणि रानात सोडून देतात. ज्याला मी शिराळ्यात राहिला म्हणत होतो, तो माझ्या आधी इथं येऊन बसला होता! मी लहान पोरासारखा रडलो.

आणि मग डोळे पुसताना शेजारची तसबीर दिसली. एक तरणा मुलगा, त्याच्यापुढं दिवा. अंगात वर्दी. इटलीत उतरण्याआधी आफ्रिकेच्या वाळवंटात इटालियन फौजेच्या ज्या वर्दीवर आम्ही दोघांनी गोळ्या झाडल्या होत्या, तीच. मी म्हातारीकडं बघितलं. तिनं मान हलवली, हात वाळूवर फिरवावा तसा हवेत फिरवला आणि पुन्हा दाजींना गरम दूध पाजायला बसली. त्या दुपारी तिच्या नवऱ्यानं दाजींना गाढवावर घालून आमच्या दवाखान्याच्या तंबूपर्यंत पोचवलं. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर माणूस गेला होता.

आम्ही दोघं परत आलो. दाजी लंगडतात, पण चालतात. आक्काला मी सगळं सांगितलं, तसबिरीचंही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. त्या दिवशी मी तिच्याकडं गेलो, तर तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली आणि म्हणाली, "आवंदाचा उपास तुज्या नावाचा न्हाई रं. तू काय, डोळ्यांम्होरं हाईस. त्या माउलीच्या लेकाच्या नावानं धरलाय."

मी भाकरी मोडली आणि तुकडा तसाच हातात धरून बसलो. देवा, इथं तू नाहीस, तिथं तू नाहीस, असं म्हणत मी फिरलो! आता मी काही मागत नाही, तू ठेवशील तिथं हात जोडतो. आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाली, "जेव की. त्योबी भाऊच न्हवं का माजा?"