शिंदे सर आणि दोन रुपयांचा शेअर

गारखेड्यात माझं शेअरचं छोटंसं ऑफिस आहे. इथून लोक नफा क्वचित घेऊन जातात, पण किस्सा हमखास ठेवून जातात. एका पेनी शेअरनं तर मला वर्षभर पुरतील एवढे किस्से दिले!

तो घेतला होता शिंदे सरांनी. गणिताचे रिटायर्ड शिक्षक. भाव दोन रुपये. सरांनी घेतला की पडायचा, विकला की चढायचा. सरांची खात्रीच पटली, "कुणीतरी ऑपरेटर भाव खेळवतोय. आणि त्याची नजर माझ्यावरच आहे!"

*

तोच शेअर काळे शेठनीही घेतला होता. हे सिल्लोडला जुने ट्रॅक्टर विकतात. म्हणाले, "ऑपरेटरच हाय. मी ट्रॅक्टर विकताना दोन खोटी गिऱ्हाइकं उभी करतो, तसंच हे."

"मग तुम्ही कसे अडकलात?"

"मला वाटलं, शेअरवाली माणसं शिकलेली असतात!"

*

एकदा सरांनी ऑपरेटरला चकवायचं ठरवलं. ऑफिसात शिरताच ओरडले, "कंपनी बुडाली! सगळे विका!" मग हळूच माझ्या कानात, "पाच हजार घ्या."

ऑपरेटरला पत्ताच नाही. बाकावर बसलेल्या काळे शेठनी मात्र सगळे विकले!

*

शेवटी सर आणि मी कंपनीच बघायला गेलो. गेटला कुलूप, आत कमरेएवढं गवत.

"इथं काय बनवतात?" सरांनी वॉचमनला विचारलं.

"नाय माहीत, साहेब. रोज दोन-चार जण येऊन हेच विचारतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? मीबी घेतलेत ना!"

*

पुढं रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसभरात पडू शकतो तेवढा सकाळीच पडलेला. सरांचे चाळीस हजार शेअर, आणि घेणारा एकही नाही. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, यातलं काही ठाऊक नव्हतं. सर रोज सकाळी विक्रीची ऑर्डर टाकायचे आणि संध्याकाळी तोंड पाडून घरी जायचे. पार वाळले बिचारे.

आणि एक दिवस सगळेच्या सगळे विकले गेले! सर तासाभरात पेढे घेऊन हजर. मी पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू.

"भाऊ, ह्यांना सांगू नका हं. जावयानं मोबाईलवर खातं उघडून दिलं. आज पहिल्यांदाच शेअर घेतले. लई स्वस्तात मिळाले, चाळीस हजार! आता विकायचे कधी, तेवढं सांगा."

"कोणते घेतले?"

काकूंनी नाव सांगितलं.

समोरून सरांनी बॉक्स पुढं केला. "आणखी एक घ्या हो! कुठला बकरा सापडला, देव जाणे!"