सेकेसाई तेतेने राखलेला टाका

आमच्या गुटू भागात पोटुशी पोरीला सातवा लागला की बापाची बहीण, म्हणजे तेते, बुळबुळीत पाल्याचा रस घेऊन हजर होते आणि बोटांनी बाळाची वाट मोकळी करायला लागते. सेकेसाई तेतेचा या कामात असा तोरा की अर्धं गाव आपल्यामुळेच सुखरूप बाहेर आलं म्हणून सांगायची. मी शिकलेली नर्स, पण "तू पायाळू, माझ्यामुळे जगलीस" हे मलाही चारचौघांत ऐकवायची.

तिची भाची व्हिम्बिसो. दोन बाळं पाचव्यातच गेलेली. तिसऱ्या खेपेलाही पाचव्यातच ओटीपोट जड झालं, तशी नवऱ्याने तिला आमच्या इस्पितळात आणलं. कळा नव्हत्या, पण गर्भपिशवीचं तोंड उघडून पाण्याची पिशवी खाली डोकावत होती. डॉक्टरांनी ती हलकेच आत सारली आणि तोंडाला जाड दोऱ्याचा टाका घातला. टिकेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी तिला आवारातल्या खोलीतच ठेवून घेतलं.

सातवा लागला आणि आली की आमची तेते, बरणी काखोटीला मारून. मी दारातच अडवलं.

"टाका घातलाय, तेते. बोटसुद्धा लावायचं नाही."

ती तडकलीच. आमच्या पोरींना आजवर कुणी पोत्यासारखं शिवलं नव्हतं, पोर आता काय तोंडातून काढणार का, असं बरंच काही बोलली. मी बोलू दिलं. मग समजावलं, की व्हिम्बिसोची वाट अवेळीच उघडते, म्हणून बाळं निसटतात. तुमच्या हाताने टाका सुटला तर तिसरंही जाईल.  

म्हातारीने रस मोरीत ओतला, खोलीच्या दारात चटई टाकली आणि मुक्कामच ठोकला. व्हिम्बिसो नुसती शिंकली तरी हिची बोलणी खायची. दुसऱ्या पोरींच्या आत्या बरण्या घेऊन आल्या, तर त्यांनाही हाकलायला लागली. त्यांच्या पोरींना टाका नाही हो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

नववा लागला. आता टाका कापू या, डॉक्टर म्हणाले. मला वाटलं तेते हरखेल, पण ती दारात आडवी उभी राहिली. अजून आठवडाभर राहू दे म्हणाली. गावाची वाट मोकळी करणारी बाई आज कुलूप मागते होय, अशी मी तिची फिरकी घेतली.

ती हसली नाही. "त्या दोघांना नदीकाठच्या ओल्या मातीत मीच पुरलं, पोरी. आमच्यात आईलाही दाखवत नाहीत. हे आत आहे तोवर जिवंत तरी आहे."

मला माझीच लाज वाटली. टाका तसाच ठेवून कळा आल्या तर पिशवीचं तोंड फाटेल, व्हिम्बिसोच्या जिवावर बेतेल, हे मी तिचा हात धरून सांगितलं. ती बाजूला झाली.

टाका कापला आणि चौथ्या दिवशी मुलगी झाली, भोकाड पसरतच. मी ती तेतेच्या ओंजळीत दिली. तिने बघितलंच नाही. डोळे मिटून ते रडणं नुसतं ऐकत राहिली.