दोन नंबरचा बेड

भिवंडीत कॅज्युअल्टीची डॉक्टर म्हणून आले तेव्हा मी भांडखोर नव्हते. आता आहे. त्याला एक दुपार कारण झाली, आणि त्या दुपारचा राग माझा अजून गेलेला नाही.

वज्रेश्वरीच्या पुढच्या एका पाड्यावरून एका बाईला तिच्या नवऱ्याने आणलं होतं. पायाची जखम चिघळलेली, रक्तातली साखर भयंकर वाढलेली, बाई गुंगीत. तिला दोन नंबरच्या बेडवर घेतलं, सलाईन लावलं. "दोन नंबरला इन्सुलिन द्या," मी नुकत्याच ड्युटीवर आलेल्या सिस्टरला सांगितलं. आमच्याकडे सगळे असंच बोलत. मग पॉवरलूमवर हात फाटलेल्या एका कामगाराला टाके घालायला मी आतल्या खोलीत गेले.

तेवढ्यात राहनाळकडचं एक बडं कुटुंब आलं. गोडाऊनवाले. एका म्हाताऱ्याला चक्कर आली म्हणून दोन गाड्या भरून माणसं. थोरल्या मुलाला बापासाठी पंख्याखालचा बेड हवा होता आणि त्यावर ती बाई होती. सिस्टर पाठमोरी, औषध भरण्यात गुंतलेली. त्यांनी कोणालाही न विचारता बाईला उचलून बाहेरच्या ट्रॉलीवर टाकलं आणि बापाला तिच्या जागी झोपवलं.

मी टाके संपवून बाहेर आले तर पॅसेजमध्ये तिचा नवरा सलाईनची बाटली हातात उंच धरून उभा होता. तिथे स्टँड नव्हता.

"हिला इथे कोणी आणलं?"

"त्या लोकांनी. हल म्हनले. हललो."

मी आत धावले. सिस्टर दोन नंबरच्या बेडशी वाकली होती. म्हाताऱ्याची बाही वर केलेली, दंडाला स्पिरिट लावून झालेलं, सुई हातात.

"थांबा! ते त्याचं नाही!"

सिस्टरचा हात जागीच थांबला. मी म्हाताऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली. पार तळाला गेली होती. सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन तो न जेवताच जमिनीच्या कसल्याशा बैठकीला बसला होता. त्यात वरून इन्सुलिन गेलं असतं तर तो तिथेच संपला असता.

पण मुलाला दिसलं ते एवढंच, की बापाचं इंजेक्शन मी अडवलं. त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "आमच्या बापाचा इंजेक्शन त्या बाईला देते काय? आमी कोन हाव, ठाव न्हाय तुला?"

"मोबाइल खाली कर आणि बाजूला हो," मी म्हणाले. "तुझा बाप वाचवायचाय मला."

मी म्हाताऱ्याला शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि चहा मागितला. मुलाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, ओरडलो तेव्हा कुठं इलाज केला."

इन्सुलिन त्या बाईला मी स्वतः पॅसेजमध्ये जाऊन दिलं, आणि तिला पुन्हा आत घेतलं. उचलताना नवऱ्याने हळूच विचारलं, "आता परत कवा हलायचं?"

संध्याकाळी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. व्हिडिओ गावभर फिरत होता. "मॅडम, माफी मागा आणि विषय संपवा."

"मागते. आधी त्यांनी त्या बाईची मागावी."

"बाई कुठे तक्रार करतेय?"

"म्हणूनच म्हणतेय."

माफी मी मागितली नाही. पुढे कितीतरी दिवस साहेब माझ्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत. सिस्टरशीही बिनसलं. तिचं म्हणणं होतं, "मी विचारलं होतं, दोन नंबर ना? त्याचा मुलगा म्हणाला, हो." खरंच विचारलं होतं तिने. आणि तोही खोटं बोलला नव्हता. बेड दोनच नंबरचा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बेडच्या नंबराने बोलणं बंद केलं. आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहायला लागले. आणि सुईआधी "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, तर "तुमचं नाव सांगा" म्हणायचं, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पेशंट बोलत नसेल तर सोबतच्याकडून नाव वदवून घ्यायचं. सिस्टर चिडून का होईना, करायला लागली. साहेबांनी पट्ट्यांच्या खर्चावर बोट ठेवलं. तेव्हा मी घरून पट्ट्या आणल्या.

त्या बाईच्या पायाचं एक बोट काढावं लागलं, पण ती चालत घरी गेली.

नाव विचारलं की लोक अजून अंगावर येतात. परवाच वडप्याच्या एका ट्रकवाल्याने सुनावलं, "कागदावर लिवलंय ना? वाचता येत न्हाय?"

"येतं," मी म्हणाले. "तरी सांगा."

त्याने शिवी दिली. मग नाव सांगितलं. मी पट्टी वाचली आणि सुई टोचली.