वरच्या मजल्यावरचा फोन

औषधांच्या त्या गोदामात तिला सगळे ताईच म्हणत. हमाल म्हणत, मॅनेजर म्हणे, आणि फाटकावर वॉचमन असलेले तिचे सख्खे बाबासुद्धा. मुळात हाक धाकट्या भावाची, पण चिकटली ती सगळ्यांच्याच तोंडी. दोघं भावंडं मिळून केबल ओढायची. तो शिडीवर, ती खाली, सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या रॅकपाशी. काम असं, की एकाच बारीक केबलमधून बोलणंही जातं आणि वीजही. कॅमेरा असो की फोन, भिंतीत वेगळा प्लग लागत नाही. रॅकमधल्या स्विच नावाच्या डब्याने दिली तर वीज, नाही तर ठणठणगोपाळ.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर शेवटचा फोन बसवताना भाऊ शिडीवरून पडला, तो परत उठलाच नाही. ताई खालून ओरडत होती, "वीज पोचली का रे?" उत्तर येईना, तेव्हा वैतागून म्हणाली, "झोपलास की काय?" ते बोलणं अजूनही तिच्या घशाखाली घास उतरू देत नाही.

त्या मजल्याला कुलूप लागलं. आणि थोड्याच दिवसांत बंद मजल्यावरून फाटकावर फोन यायला लागला. रोज, दिवेलागणीला. उचलावा तर पलीकडे कोणी नाही, नुसता वारा. हमालांची पाचावर धारण बसली. एरवी दोन-दोन खोकी पाठीवर घेणारे गडी, पण अंधारलं की जिन्याकडे फिरकेनात. बाबा मात्र फोन उचलत आणि केबिनचं दार लावून बोलत बसत.

ताईला कारण माहीत होतं. अंधार पडला की आवारातले कॅमेरे आपले रात्रीचे दिवे लावतात आणि एकदम जास्त वीज ओढतात. स्विचकडे वीज मोजकीच. पाहुणे वाढले की घरच्यांनी उपाशी राहावं, तसा तो शेवटच्या फोनची वीज काढून घेतो आणि क्षणभराने परत देतो. फोन नव्याने जागा होतो. रिसीव्हर उचललेला असला की थेट फाटकावर घंटी, अशी त्याची जोडणी. आणि रिसीव्हर त्या दिवसापासून लोंबकळतच होता. भावाला उचलून नेण्याच्या धांदलीत तो जागेवर कोण ठेवणार!

रॅकमधली एक केबल उपसली असती तर खेळ संपला असता. तिचा हात धजत नव्हता. बाबांचं मात्र पार होत्याचं नव्हतं झालं होतं. पाळी संपली तरी ते केबिनमध्येच बसून राहत, तिथेच झोपत. ताई घरी दोघांचा स्वयंपाक करायची आणि एकटीच जेवायला बसायची.

मग एक दिवस मॅनेजर म्हणाला, "ताई, नव्या कॅमेऱ्यांना वीज पुरत नाही. वरचा फोन काढून टाका. मेलेल्या मजल्याला कशाला पोसायचं?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

ताईने किल्ली घेतली. काढायचाच तर रिसीव्हर आधी आपल्या हाताने जागेवर ठेवायचा, एवढंच मनात होतं. जिना चढून तिने कुलूप उघडलं. आत धूळ, भिंतीला टेकवलेली शिडी, आणि मावळता उजेड. तिने रिसीव्हर हातात घेतला, तोच फोनचा पडदा विझला. पुन्हा लागला. कानात घंटी वाजू लागली. आता ठेवावा, आता ठेवावा असं म्हणेपर्यंत फाटकावर फोन उचलला गेला.

"बोल रे," बाबा म्हणाले. लहान मुलाशी बोलावं तसा आवाज. "मी इथेच आहे. तुला एकट्याला टाकून घरी कसा जाऊ?"

ताईच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, घरी चला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई?" बाबांनी विचारलं. "इतके दिवस तूच होतीस होय?"

कॅमेरे, दिवे, वीज, सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण इतके दिवस तुम्ही एका बिघाडाशी बोलत होता, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने डोळे मिटले.

"हो बाबा. मीच."

आता शिव्या पडणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. बाबांनी मोठा श्वास सोडला.

"बरं झालं गं बाई," ते रडत म्हणाले. "मला वाटत होतं, तो अजून तिथेच पडलाय."